‘बहिरे, मुके, आंधळे आणि लंगडे’ : अमेरिकेतले चिनी आजी-आजोबा स्वतःला असं का म्हणतात?

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या चिनी म्हाताऱ्या मंडळींमध्ये एक विनोद खूप जुना आहे. “आम्ही इथं आलो आणि बहिरे, मुके, आंधळे, लंगडे असे सगळेच झालो.” आजूबाजूचे काय बोलतात ते कळत नाही म्हणून बहिरे. आपल्याला बोलता येत नाही म्हणून मुके. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, बँकेचं पत्र वाचता येत नाही म्हणून आंधळे. आणि गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मुलगा किंवा सून नेईल तेव्हाच घराबाहेर पडायचं, म्हणून लंगडे.

हे वाक्य हसत हसतच म्हटलं जातं. पण त्यात जे सांगितलंय तेच डॉक्टरांसमोर सांगायची वेळ आली की ही माणसं गप्प होतात, आणि सांगतात ते भलतंच. झोप लागत नाही. डोकं जड झालंय. छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पोट बिघडलंय. “मला उदास वाटतंय” हे वाक्य येतच नाही.

अमेरिकेत चिनी वंशाचे ५० लाखांहून जास्त लोक राहतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांच्या मनात काय चाललंय, हे शोधायला संशोधकांना बरीच वर्षं लागली. त्याचं कारण बऱ्याच अंशी या भाषेत आहे.

म्हातारपणी देश सोडायची वेळ का येते?

अमेरिकेतल्या चिनी लोकांचा इतिहास एकसारखा नाही. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. ती १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला जेमतेम १०५ लोकांच्या कोट्यासकट. या काळात चायनाटाउनमध्ये प्रामुख्याने एकटे पुरुष राहायचे. बायका-मुलं तिकडे गावी, नवरा इकडे लाँड्रीत किंवा हॉटेलात. १९६५ च्या नव्या कायद्याने चित्र पालटलं. कुटुंबाला एकत्र आणण्यावर भर आला आणि अमेरिकन नागरिक झालेल्या मुलांना आई-वडिलांना बोलावून घेता येऊ लागलं. नागरिकांच्या आई-वडिलांच्या ग्रीन कार्डला वार्षिक संख्येची मर्यादाही नाही.

त्यामुळे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांपैकी काही जण तरुणपणी येऊन रेस्टॉरंटमध्ये आणि शिवणकामाच्या कारखान्यात राबलेले आहेत, तर काही साठी ओलांडल्यावर थेट विमानातून नातवंडांच्या पाळण्यापाशी उतरलेले आहेत. काही हाँगकाँगचे, काही तैवानचे, काही ग्वांगडाँगमधल्या तैशान भागातले, काही व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले चिनी. यांच्या बोली इतक्या वेगळ्या की एकमेकांचं बोलणं समजेलच असं नाही. “चिनी दुभाषी आहे आमच्याकडे” असं एखादं हॉस्पिटल सांगतं तेव्हा त्याला मँडरिन येते, आणि समोरच्या आजींना फक्त तैशानी. हा घोळ नेहमीचा.

उशिरा आलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. चीनमध्ये साधारण १९८० पासून २०१५ पर्यंत एक मूल धोरण होतं. आज साठी-सत्तरीत असलेल्या शहरी जोडप्यांना बहुतेक वेळा एकच अपत्य आहे. ते शिकायला अमेरिकेत गेलं आणि तिथंच राहिलं, तर मागे चीनमध्ये कोणी उरत नाही. दुसरा मुलगा नाही, गावातली मुलगी नाही. म्हणजे जायचं की नाही हा प्रश्न कागदावर असतो, प्रत्यक्षात तो सुटलेला असतो.

तिथं पोचल्यावर कायद्याची दुसरी बाजू दिसते. पासष्टी ओलांडलेल्या पण अमेरिकेत नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना घ्यायची तर सलग पाच वर्षं तिथं राहिलेलं असावं लागतं आणि हप्ताही भरावा लागतो. गरीब वृद्धांना मिळणारा केंद्र सरकारचा भत्ता १९९६ च्या कायद्याने बहुतेक बिगर-नागरिकांना बंद केला. नागरिकत्व हवं तर परीक्षा द्यायची. वय आणि वास्तव्याची वर्षं पाहून काहींना ती मातृभाषेत देता येते, बाकीच्यांना इंग्रजीतच. तोपर्यंत खर्च मुलाच्या खिशातून. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला दाताच्या डॉक्टरकडे जायलाही सुनेला विचारावं लागतं.

नातवंडांसाठी न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात सहा-सहा महिने राहून आलेल्या मराठी आई-वडिलांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फरक आहे तो कागदपत्रांचा. भारतीयांची मुलं ग्रीन कार्डच्या लांबलचक रांगेत अडकलेली असतात. त्यामुळे आई-वडील बहुधा पाहुण्यांच्या व्हिसावर जातात आणि परत येतात. परतीचं तिकीट हा केवढा मोठा आधार असतो, हे चिनी आजी-आजोबांकडे पाहिल्यावर कळतं. त्यांच्यातल्या अनेकांनी गावचं घर विकून टाकलेलं असतं.

मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत

आता मूळ मुद्द्याकडे. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन चीनच्या हुनान प्रांतात गेले. तिथल्या रुग्णालयात ‘शेनजिंग श्वायरुओ’ असं निदान सर्रास व्हायचं. त्याचा अर्थ नसांचा अशक्तपणा. थकवा, डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर ही त्याची लक्षणं. क्लाइनमन यांनी असे १०० रुग्ण तपासले. पाश्चात्त्य निकष लावले तर त्यातल्या ८७ जणांना तीव्र स्वरूपाचं नैराश्य होतं.

मग हे लोक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. डोकं खरंच दुखत होतं. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. १९६६ ते १९७६ या दहा वर्षांत मनाच्या आजाराकडे चुकीच्या राजकीय विचारांचं लक्षण म्हणूनही पाहिलं जायचं. ‘मी दुःखी आहे’ म्हणणं धोक्याचं होतं, ‘माझ्या नसा थकल्यात’ म्हणणं सुरक्षित होतं. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या अनेक स्थलांतरितांचं तारुण्य याच काळात गेलं. त्याआधी १९५९ ते १९६१ चा भीषण दुष्काळही त्यांनी पाहिला.

शिवाय शब्दांची अडचण आहेच. चिनी भाषेत ‘जिंगशेन बिंग’ म्हणजे मानसिक आजार, पण रस्त्यावरच्या भांडणात तीच शिवी आहे. आपल्याकडे ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हणतात, तसंच. उलट काळजाच्या, छातीच्या, पोटाच्या भाषेत दुःख सांगायची चिनीत हजार रूपं आहेत. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात धस्स झालं’, ‘कशात जीव रमत नाही’ ही आपलीही निदानंच आहेत, फक्त ती डॉक्टरच्या फॉर्मवर नसतात.

बॉस्टनमधले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट युंग आणि सहकाऱ्यांनी हाच धागा अमेरिकेत पकडला. साउथ कोव्ह या चिनी वस्तीतल्या आरोग्य केंद्रात साध्या तपासणीसाठी येणाऱ्या आणि नैराश्याचं निदान झालेल्या २९ चिनी रुग्णांशी त्यांनी सविस्तर बोलणं केलं. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुख्य त्रास काय, असं मोकळेपणी विचारल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी शरीराची तक्रार सांगितली. मन उदास आहे असं आपणहून एकानेही सांगितलं नाही. पण त्याच लोकांना चिनी भाषेतली प्रश्नावली देऊन ‘उदास वाटतं का?’ असं थेट विचारलं, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं.

अभ्यास छोटा आहे आणि त्यात सगळे म्हातारे नव्हते. तरी त्यातून एक गैरसमज मोडतो. ‘आशियाई लोकांना भावना कळत नाहीत, ते सगळं शरीरावर काढतात’ असं पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं पूर्वी सुचवायची. कळतं सगळं. आपणहून कोणी सांगत नाही, एवढंच.

शिकागोत दारोदारी जाऊन काय सापडलं?

नेमका किती लोकांना त्रास आहे हे कळायला मोठा अभ्यास हवा होता. तो शिकागोत झाला. डॉ. शिनची डाँग यांच्या नेतृत्वाखाली २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचं इंग्रजी लघुनाव ‘पाइन’. पाइन म्हणजे देवदाराच्या जातीचं झाड, चिनी परंपरेत दीर्घायुष्याचं प्रतीक. साठी पार केलेल्या ३,००० हून अधिक चिनी लोकांच्या मुलाखती त्यात घेतल्या गेल्या.

संशोधकांनी स्थानिक चिनी संस्थांना सोबत घेतलं, घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि मँडरिन, कँटोनीज, तैशानी, तिओचू अशा ज्या त्या माणसाच्या बोलीत प्रश्न विचारले. चिनी म्हातारे सर्वेक्षणाला उत्तरच देत नाहीत, ही समजूत तिथंच बाद झाली.

निम्म्याहून जास्त लोकांनी नैराश्याचं निदान एक तरी लक्षण असल्याचं सांगितलं. लक्षण म्हणजे आजार नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. सोशल मीडियावर ‘निम्मे चिनी वृद्ध डिप्रेशनमध्ये’ अशी वाक्यं फिरतात, ती चूक आहेत. झोपेची तक्रार आणि थकवा यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण याच प्रकल्पातून एकटेपणा, घरातल्यांकडून होणारी हेळसांड आणि काहींच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार हेही पुढे आले. अमेरिकेतल्या वृद्ध चिनी स्त्रियांमध्ये आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचं काही दशकांपासून अभ्यासक सांगत आले आहेत. वरून शांत दिसणाऱ्या घरातली ही गोष्ट आहे. (असे विचार तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात येत असतील तर भारतात ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.)

सहन करण्याचं कौतुक, आणि त्याची किंमत

चिनी भाषेत कष्ट सोसण्याला ‘ची खू’ म्हणतात. शब्दशः अर्थ, कडू खाणं. ज्याला कडू खाता येतं तो माणूस कणखर, अशी ही संस्कृती. दुष्काळ पाहिलेल्या पिढीसाठी ही नुसती म्हण नाही, त्यांनी खरोखर झाडपाला खाऊन दिवस काढलेत. त्यामुळे मुलाच्या गरम-थंड हवेच्या सोयी असलेल्या घरात बसून “मला इथं करमत नाही” म्हणायचं कोणत्या तोंडाने, असा त्यांना प्रश्न पडतो.

दुसरा शब्द ‘म्येनझ’, म्हणजे तोंड, चेहरा. आपण ‘नाक कापलं’ म्हणतो, ते चेहऱ्याचं. मुलगा अमेरिकेत आहे हा गावात मिरवायचा विषय. त्याच मुलाच्या घरात आपण रडतो हे व्हीचॅटवरच्या जुन्या शेजाऱ्यांना सांगितलं तर चेहरा जातो, आपलाही आणि मुलाचाही.

तिसरा ‘श्याओ’, आई-वडिलांप्रती मुलांचं कर्तव्य. या अक्षराचं चिनी चित्रच बोलकं आहे : वर ‘म्हातारा’चं चिन्ह, खाली त्याला पेलणारं ‘मूल’. अमेरिकेत हे चित्र बऱ्याच घरांत उलटं होतं. म्हातारी माणसं स्वयंपाक करतात, नातवंडांना शाळेतून आणतात, घर पुसतात. त्यात आनंद असतो, आपण उपयोगी आहोत ही भावनाही असते. नातवंडं मोठी होऊन इंग्रजीतच बोलायला लागली, की तो उपयोग संपतो. खरी घसरण बऱ्याचदा इथून सुरू होते, विमानातून उतरल्यावर लगेच नाही.

डॉक्टरकडे नेलं तरी दुभाषी म्हणून बसतो तो हाच नातू. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी भाषेची सोय करावी, ही जबाबदारी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून येते. प्रत्यक्षात घाईत घरचंच माणूस पुढे केलं जातं. सुनेमुळे झोप लागत नसेल तर आजी ते सुनेच्या मुलाकडून कसं सांगून घेणार? मग पुन्हा गुडघेदुखी.

मग दिवस कसा काढतात?

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये पोर्ट्समथ स्क्वेअर नावाचं मैदान आहे. त्याला ‘चायनाटाउनची बैठकीची खोली’ म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. आसपासच्या जुन्या इमारतींत म्हातारी माणसं आठ बाय दहा फुटांच्या आसपासच्या खोल्यांत राहतात. स्वयंपाकघर आणि संडास मजल्यावर सामाईक. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. खोलीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून दिवसभर मैदानात पत्ते, चिनी बुद्धिबळ आणि गप्पा. उपनगरातल्या चार बेडरूमच्या बंगल्यात राहणाऱ्या आजींकडे जागाच जागा असते आणि बोलायला कोणी नसतं. म्हणून काही जण मुलाचं मोठं घर सोडून मुद्दाम या खुराड्यात राहायला येतात. गरिबीचं गोडवे गाण्यात अर्थ नाही, ढेकूण, मोडकी लिफ्ट आणि जिने हेही तिथलंच वास्तव आहे. पण तिथं माणूस बहिरा, मुका, आंधळा, लंगडा राहत नाही. पाट्या चिनीत, भाजीवाला कँटोनीज बोलणारा, आणि दवाखाना पायी अंतरावर.

बाकी ठिकाणी प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे. बागेत सकाळी ताई ची. परसात कोहळा आणि दोडका. रविवारी चर्च, तेही पुष्कळदा देवापेक्षा मँडरिन बोलायला मिळतं म्हणून. न्यू यॉर्कमध्ये रिकामे डबे-बाटल्या गोळा करून पाच-पाच सेंट मिळवणाऱ्या चिनी आजी सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. त्यातल्या काहींना पैशाची नड असते, काहींना फक्त मुलापुढे हात पसरायचा नसतो.

सगळ्यात अजब वाट कॅसिनोच्या बसची. न्यू यॉर्कच्या चिनी वस्त्यांतून कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनियाच्या जुगारखान्यांकडे स्वस्त बस सुटतात. प्रवाशाला खेळण्यासाठी कूपन मिळतं. अनेक म्हातारे ते कूपन तिथल्या जुगाऱ्यांना रोख पैशांत विकतात, दिवसभर बाकांवर ओळखीच्यांशी गप्पा मारत बसतात आणि संध्याकाळच्या बसने परततात. थंडीत गरम जागा, सोबत आणि चार डॉलर. मार्च २०११ मध्ये अशीच एक बस चायनाटाउनकडे परतताना ब्राँक्समध्ये उलटून १५ जणांचा जीव गेला, तेव्हा बाहेरच्या जगाला या बसची ओळख झाली. यातल्या काहींना जुगाराचंही व्यसन लागतं, हेही खरंच.

आणि व्हीचॅट. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प सरकारने या अ‍ॅपवर बंदीचा आदेश काढला तेव्हा तरुणांसाठी तो राजकारणाचा विषय होता. म्हाताऱ्यांसाठी तो चीनमधल्या भावा-बहिणींचा आवाज बंद होण्याचा प्रश्न होता. कोर्टाने आदेश रोखला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला.

कोविडनंतर काय बदललं?

२०२० मध्ये महामारीसोबत चिनी दिसणाऱ्या माणसांवर हल्ले सुरू झाले. म्हातारे पायी चालणारे, बसने जाणारे, म्हणून तेच सहज सापडायचे. मार्च २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावर मार खाल्लेल्या पंचाहत्तरीतल्या एका चिनी आजींनी हल्लेखोराला लाकडी फळीने उलट मारलं. त्यांच्या उपचारांसाठी लोकांनी नऊ लाखांहून जास्त डॉलर जमवले, आणि आजींनी ते सगळे वंशद्वेषाविरुद्धच्या कामाला द्यायचं ठरवलं. ही बातमी जगभर व्हायरल झाली. बाहेर पडायचंच सोडून दिलेल्या इतर हजारो आजी-आजोबांची बातमी झाली नाही. त्यांची बाग, पत्ते, सिनियर सेंटरचं गरम जेवण, सगळंच एकदम तुटलं.

मग २१ जानेवारी २०२३, चिनी नववर्षाची पूर्वसंध्या. कॅलिफोर्नियाच्या माँटेरी पार्कमध्ये स्टार बॉलरूम या नृत्यशाळेत गोळीबार झाला. ११ जण गेले, वयं ५७ ते ७६. म्हातारपणी वॉल्ट्झ आणि चा-चा शिकणारी, नटूनथटून येणारी ही माणसं. या वयातल्या एकटेपणावर त्यांनी शोधलेला हा सगळ्यात आनंदी उपाय होता. गोळ्या झाडणारा स्वतः ७२ वर्षांचा आशियाई स्थलांतरित होता. दोनच दिवसांनी हाफ मून बे इथं चिनी वंशाच्या ६६ वर्षांच्या शेतमजुराने सात जणांना मारलं. दोन घटनांवरून एका समाजाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. पण म्हाताऱ्या स्थलांतरित पुरुषांच्या मनाकडे कोणी पाहतच नाही, ही चर्चा चिनी वर्तमानपत्रांत आणि सामाजिक संस्थांमध्ये त्यानंतर उघडपणे सुरू झाली.

उपयोगी काय पडतं?

जे टिकलं ते बहुतेक ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी न लावता केलेलं काम आहे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ऑन लोक ही संस्था स्थापन झाली. कँटोनीजमध्ये नावाचा अर्थ शांत, आनंदी घर. आधी वृद्धाश्रम काढायचा विचार होता. तो महाग होता, आणि आई-वडिलांना आश्रमात टाकणं कुटुंबांना पटणारं नव्हतं. म्हणून १९७३ मध्ये दिवसभराचं केंद्र निघालं. सकाळी गाडी घरून घेऊन येते, डॉक्टर, व्यायाम, जेवण, गप्पा एकाच ठिकाणी, रात्री माणूस आपल्या घरी. ही पद्धत इतकी चालली की १९९७ मध्ये अमेरिकन सरकारने ती मेडिकेअरमध्ये कायमची घेतली. आज देशभरातले सगळ्या वंशांचे वृद्ध या योजनेचा लाभ घेतात. कॅनडात टोरांटोजवळ १९९४ मध्ये सुरू झालेल्या यी हाँग केंद्राने वृद्धांच्या निवासात चिनी जेवण आणि चिनी बोलणारा कर्मचारीवर्ग आणला.

बॉस्टनच्या युंग यांनी ताई चीचाही प्रयोग केला. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ६७ चिनी अमेरिकनांपैकी ज्यांनी १२ आठवडे ताई ची केलं, त्यांच्यात इतर गटांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. २०१७ मध्ये हे निष्कर्ष आले. हेही छोटं संशोधन आहे आणि ताई ची म्हणजे औषधाला पर्याय नाही. पण ‘चला, मनोविकारतज्ज्ञाकडे’ म्हटल्यावर जे येत नाहीत, ते ‘चला, ताई चीला’ म्हटल्यावर येतात.

युंग यांनी डॉक्टरांसाठी मुलाखतीची एक पद्धतही बसवली आहे. ती क्लाइनमन यांच्या जुन्या प्रश्नांवर उभी आहे. तिच्यात डॉक्टर ‘डिप्रेशन’ हा शब्द आधी काढत नाही. झोप, भूक, डोकेदुखी जे असेल ते नीट ऐकून घेतो. मग विचारतो की या त्रासाला तुम्ही स्वतः काय नाव द्याल, तो कशामुळे सुरू झाला असं तुम्हाला वाटतं, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते.